मोगलाई, सुलतानी, पेशवाई : जुलमी राज्याला आपण काय काय म्हणतो?

काना_मात्रा

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. सध्या हातात असलेल्या एका शेतीविषयक लेखात असं वाक्य आलं : ‘पावतीवर न दिसणारी आडत, तोलाई, हमाली, वर क्विंटलमागे दोन किलो तूट, विचारायला जावं तर दाद ना फिर्याद, निव्वळ मोगलाई.’ संपादन बघणाऱ्या सहकाऱ्याने ‘मोगलाई’भोवती गोल केला आणि समासात ‘हुकूमशाही’ लिहून पाठवलं.

मला ते पटलं नाही. हुकूमशाही म्हटलं की हुकूम सोडणारा एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. बाजाराच्या ओट्यावर तसा एक कोणी नसतो. काट्यावरचा घेतो, उतरवून घेणारा घेतो, वहीवाला घेतो, आणि ज्याने हे थांबवायचं तो पाठ फिरवून बसलेला असतो. ज्याच्या हाती दांडकं त्याने ओरबाडावं आणि रयतेने कुणाच्या तोंडाकडे बघावं हेच कळू नये, या अवस्थेला मला तरी मोगलाईच सुचतं.

सहकाऱ्याचा मुद्दा वेगळा होता आणि तोही हलका नाही. शब्दात एका राजवटीचं नाव आहे. हल्ली ते नाव घेतलं की रोख आजच्या जिवंत माणसांकडे वळतो, असं त्याचं म्हणणं.

तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात? घरातली म्हातारी माणसं कशाला मोगलाई म्हणायची? आणि याच कामाचे दुसरे शब्द कोणते, त्यांच्यात फरक काय? नुसतं मत देण्यापेक्षा ऐकलेलं-वाचलेलं सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

मोडीवाला

चांगला धागा काढलात. मोगलाई हा शब्द शिवी होण्याआधी जमाखर्चातला होता, तिथून सुरुवात करू.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहूमहाराजांच्या नावच्या सनदा घेऊन आले : स्वराज्याची, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे त्याखेरीज वसुलाचे आणखी दहा टक्के. हे वजा जाता जो वसूल बादशाही सरकारचा राहिला तो ‘मोगलाई’. अठराव्या शतकातल्या हिशेबांत एकाच गावापुढे ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ असे दोन अंमल वेगळे मांडलेले दिसतात. पुढे कित्येक गावांत मोगलाई अंमलही मराठ्यांकडेच आला, वसूल करणारा कमाविसदार पुण्याचाच असायचा, तरी बाबीचं नाव तेच राहिलं. म्हणजे मराठी माणूस मराठी सरकारला ‘मोगलाई’ भरत होता.

दुसरा अर्थ मुलखाचा. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्क दख्खनेत पक्का बसला. तो नावाला मोगलांचा सुभेदार, म्हणून त्याचा मुलूख आपल्या कागदांत मोगलाई आणि त्याची फौज मोगल. १७९५ ला खर्ड्याला समोर उभा होता हैदराबादचा निजाम, पण मराठी पत्रांत लढाई मोगलांशी झाली. खुद्द दिल्लीचा बादशहा त्या वेळी शिंद्यांच्या आसऱ्याला होता.

अंदाधुंदीचा अर्थ माझ्या मते या दोन्हींच्या पोटातून आला. एका गावावर दोन अंमल म्हणजे दारात दोन शिपाई. एकाला दिलं तर दुसरा विचारतो मला का नाही. काना_मात्रा, तुम्ही ओट्यावरचं जे वर्णन केलंय ते या अवस्थेच्या फार जवळ जातं. तुमच्या कानाने बरोबर ऐकलं आहे.

जास्वंद

‘जुलमी’ शब्दाचंही वेगळंच झालंय. ‘जुल्म’ अरबी, फारसीमार्गे आला आणि सरकारी अत्याचाराला चिकटला. पण लावणीने तो उचलला आणि ‘जुलमी नजर’, ‘जुलमी डोळे’ असं करून टाकलं. आता कुणी नुसतं ‘जुलमी’ म्हटलं तर राजा आठवेलच असं नाही. मोगलाईला असा मऊपणा कधी आला नाही. तो शब्द आजही टोचतो.

देवगिरी_पायथा

‘तुघलकी’ राहिला. आमच्या दौलताबादचाच तो, म्हणून लिहितो. महंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून इकडे आणली, मग परत नेली. पुढे दोन-तीन वर्षांत चांदीच्या टंक्याच्या किमतीला तांब्या-पितळेचं नाणं चालवायला काढलं; घरोघर खोटी नाणी पडू लागल्यावर तेही मागे घेतलं. त्यामुळे ‘तुघलकी’ कायम निर्णयाला लागतं : तुघलकी फर्मान, तुघलकी कारभार. हप्ता घेणाऱ्या शिपायाला कुणी तुघलकी म्हणत नाही. त्या शब्दात वरच्याचा लहरीपणा आहे, खालच्यांची ओरबाड नाही. तुमच्या वाक्यात तो चालणार नाही.

सीनाकाठ

मी बार्शीकडचा. आमच्याकडे मोगलाई ही चक्क जागा होती. बार्शी इंग्रजांची, परांडा मोगलाईतला. ‘लेक मोगलाईत दिली’, ‘बैल मोगलाईतून आणला’ असं आजी सहज बोलायची, त्यात राग नसायचा. पलीकडून बाजाराला येणाऱ्यांना करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. पलीकडचा पैसा हाली, अलीकडचा कलदार, त्याची मोड करताना बट्टा. आजीच्या सांगण्यात नाक्यावरचा प्रसंग नेहमी यायचा : बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवते, शिपाई वरचा कपडा उचकतो, हात घालून मीठ-मिरची चाळवतो, आवडलं ते बाजूला काढतो. जकात किती ते कुठे लिहिलेलं नाही, आणि असलं तरी उर्दूत. बाई पाटी उचलते आणि पुढे जाते, बोलत नाही.

आजी मग थांबून म्हणायची, ‘मोगलाई होती बाबा.’ इथे तो शब्द जागेचा की अवस्थेचा, मला आजही वेगळं करता येत नाही. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं.

तेरणा

सीनाकाठ, तुमचं वाचून आम्हा पलीकडच्यांची बाजू सांगाविशी वाटली. आम्ही त्या मोगलाईतले. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं पुण्या-सोलापुरात शिकायला गेलेल्या आमच्या माणसांना ‘मोगलाईतून आलेत’ म्हणून ऐकून घ्यावं लागलं. जुलूम सोसणाऱ्याच्याच कपाळावर जुलमाचं नाव चिकटलं. मला स्वतःला म्हणून हा शब्द आवडत नाही.

आमच्याकडे अन्यायी राज्याला दुसरा शब्द आहे, तो म्हणजे रझाकारी. मूळ अर्थ बघा : रझाकार म्हणजे स्वखुशीने सेवा करणारा, स्वयंसेवक. कासीम रझवीने त्या नावाची सशस्त्र संघटना चालवली. तो लातूरला वकिली केलेला माणूस. १९४७-४८ मध्ये तिने गावंच्या गावं लुटली-जाळली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. आज पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली, पण आमच्या तालुक्यात कुणी दांडगाई केली की ‘रझाकारी लावलीय काय’ हेच तोंडात येतं. स्वयंसेवक या अर्थाचा चांगला शब्द दोन वर्षांत कायमचा काळा झाला.

बांगलादेशातही हेच झालं. १९७१ ला पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला उभ्या केलेल्या टोळ्यांचं नाव रझाकार, आणि तिथे तो शब्द देशद्रोह्याची शिवी झाला. जुलै २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनात, सरकारने तो शब्द आपल्याकडे फेकला असं वाटल्यावर, पोरांनी तोच घोषणेत घेऊन ‘आम्ही कोण? रझाकार!’ असं रात्री रस्त्यावर उतरून सरकारला ऐकवलं. सत्तेने शिवी म्हणून वापरून वापरून शब्द झिजवला की तो असा उलटतो.

सह्यकडा

माझं स्पष्ट मत : शब्द बदलायचा नाही. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दख्खनेत उतरला आणि १७०७ ला मरेपर्यंत इथेच होता. पंचवीस वर्षं त्याच्या छावण्यांनी इथली उभी पिकं खाल्ली. ज्यांनी ते सोसलं त्यांनी त्याला नाव दिलं. ते नाव आपण आज अवघडल्यासारखं होतं म्हणून बदललं तर त्यांचं सोसणं पुसल्यासारखं होईल. हुकूमशाही हा शब्द पुस्तकातला आहे, मोगलाई अनुभवातला.

भिंगारकर

सह्यकडा, तुमच्या भावनेचा मान ठेवून लिहितो. मी नावाप्रमाणे नगरजवळच्या भिंगारचा. औरंगजेब मेला तो इथेच. मी मुसलमान आहे. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं पिंजारी, कापूस पिंजणारी. त्या छावण्यांनी पिकं खाल्ली तेव्हा आमच्या पूर्वजांच्या घरात काही वेगळं शिजत नव्हतं. माझे आजोबा रेशन दुकानदाराशी भांडताना ‘ही काय मोगलाई लागून गेली का’ असं मराठीतच ओरडायचे आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही, त्यांना तर नाहीच.

मला शब्दाचं वावडं नाही. फरक कुठे पडलाय ते सांगतो. आधी हा शब्द ज्याने लुबाडलं त्याच्याकडे बघून उच्चारला जायचा. आता कित्येकदा लुबाडणारा भलताच असतो आणि शब्द उच्चारताना नजर माझ्याकडे येते. एवढं टाळता आलं तर शब्द खुशाल ठेवा, तो माझ्या आजोबांचाही आहे.

सह्यकडा

भिंगारकर, हे मी या बाजूने ऐकलं नव्हतं. शब्द ठेवावा यावर ठाम आहे, पण नजरेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे.

वाशिष्ठी

आता मला राहवत नाही, कारण या सगळ्याचं मूळ माझ्या तालुक्यात आलेल्या एका कागदात आहे. १६७० च्या दशकात शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याला छावणी करून असलेल्या आपल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना पत्र पाठवलं. पुष्कळांनी त्यातली ‘भाजीच्या देठा’ची गोष्ट ऐकलेली असते, पण अख्खं पत्र निवांत वाचावं असं आहे.

पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागवताचा साठा आत्ताच वाटेल तसा उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, हा पहिला इशारा. मग काय होईल तेही सांगितलंय : तुम्ही कुणब्यांना त्रास द्यायला लागाल, कोणी त्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी, कोणी पाले. जे बिचारे जीव धरून राहिलेत तेही गाव सोडून जातील. आणि त्यांना वाटेल, ‘मोगल मुलकात आले त्याहूनही अधिक तुम्ही’. असा तळतळाट होईल, आणि बदनामी तुमच्यावर येईल.

याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नका असंही बजावलंय. उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताची गंज पेटेल. राजा उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतोय, कारण त्या गंजीनंतर कुणब्याच्या घरावरच धाड पडणार हे त्याला दिसतंय.

मुद्दा असा की त्या वेळी, मोगलांशी वैर ऐन भरात असताना, ‘मोगल’ हे माप महाराजांनी स्वतःच्या फौजेला लावलं. शत्रूला नावं ठेवण्यासाठी ते पत्र लिहिलेलंच नाही. कुणब्याच्या परसातली भाजी न विचारता खुडणारा कोणत्या झेंड्याचा आहे याने काही फरक पडत नाही, त्याला तेच नाव बसतं. भिंगारकरांचे आजोबा तो शब्द ज्या अर्थाने वापरायचे तोच हा अर्थ. काना_मात्रा, तुमच्या लेखातला तोलाईवाला त्यात चपखल बसतो, मग त्याचं आडनाव काही का असेना.

मोडीवाला

वाशिष्ठी, अगदी योग्य जागी योग्य कागद काढलात. यापुढे माझ्या सनदा फिक्या आहेत.

हुगळीकर

नोकरीमुळे मी बरीच वर्षं बंगालात आहे. आपल्या बाजूने बोलताना एक गोष्ट दाबून ठेवणं मला बरं वाटत नाही, म्हणून लिहितो. इथे अन्यायी वसुलीला जो शब्द आहे तो आपल्यावरून आहे : बर्गी.

मूळ शब्द बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ ला बंगालात शिरल्या आणि दर वर्षी येत राहिल्या. १७४४ ला अलीवर्दीखानाने बोलणी करायला म्हणून बोलावून भास्करपंतांना मारलं. १७५१ च्या तहात ओडिशावरचा ताबा आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख ठरले तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. कलकत्त्याच्या लोकांनी आपल्या भीतीने खंदक खणला होता, त्याचं नावच मराठा खंदक.

हे सगळं इथल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसेल, पण एक अंगाईगीत प्रत्येकाला येतं. अर्थ असा : बाळ झोपलं, आळी निजली, बर्गी देशात आले, बुलबुलींनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? शेजारच्या बाई नातवाला थोपटताना हे म्हणत होत्या आणि मी दारात उभा होतो. त्यांना त्यात मी दिसत नव्हतो, आणि मला कुणी बोट दाखवलं नाही. पण मी मराठी म्हणून ते ऐकलं. त्यामुळे भिंगारकर ‘नजर’ म्हणतात ते मला चांगलं समजतं.

शेवटची ओळ परत वाचा. पाखरांनी पीक खाल्लं ही आभाळाकडून आलेली आपत्ती, आणि तरी सारा भरायचाय ही राज्याकडून आलेली. हीच आपली अस्मानी आणि सुलतानी.

देहूफाटा

हुगळीकरांनी सुलतानीचं दार उघडलंच आहे तर आत जाऊ. ‘अस्मान’ फारसीत आकाश. अवर्षण, गारा, टोळ हे अस्मानी. फौजेचा मुक्काम, जास्तीचा सारा, लूट हे सुलतानी. मोल्सवर्थच्या कोशातही हा जोडशब्द आहे. मला या जोडीबद्दल फार आदर वाटतो, कारण ज्या माणसाने ती घडवली त्याने राजाला देवाच्या कोपाशेजारी बसवून दोघांचा हिशेब एकाच ओळीत मांडला.

१६३० चं साल घ्या. पाऊस गेला. शहाजहानची फौज दख्खनेत उतरलेली. त्याच सुमारास आदिलशहाचा सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळून बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला असं सांगतात. नावावरून कळेल की सुलतानी करणारा सुलतानच असावा लागत नाही. याच दुष्काळात तुकोबांच्या घरी काय झालं ते त्यांनीच लिहून ठेवलंय : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ या ओळीत कुणालाही शिवी नाही. मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं वाचवेना.

आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी मोगलाईपेक्षा सुलतानी जास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये उठली. आमच्या पाहुण्यांचा नाशिककडे कांदा होता. अवकाळीतून वाचवून चाळीत भरलेला माल भाव कोसळल्यावर काढावा लागला. त्यांचे शब्द : ‘अस्मानीतून सुटलो, सुलतानीत घावलो.’ इथे सुलतानी म्हणजे दिल्लीत बसून काढलेली अधिसूचना. शिपाई नाही, दांडकं नाही, सहीशिक्क्याचा कागद. शब्द साडेतीनशे वर्षांहून जुना, पण त्यांना दुसरा शोधावा लागला नाही.

कसबा_पेठ

पुण्याकडून ‘घाशीरामी’ घ्या. घाशीराम सावळादास हा पेशव्यांच्या काळात नाना फडणिसांच्या कारकिर्दीत शहराचा कोतवाल, १७७७ पासून १७९१ पर्यंत. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या माणसांनी पकडलेले तेलंगी ब्राह्मण कोंदट कोठडीत गुदमरून मेले. लोक नानांच्या वाड्यापुढे बसले, आणि ३१ ऑगस्टला त्याला जमावाच्या हवाली केलं. दगडांनी ठेचून मारला. शब्दाचा अर्थ त्यावरून ठरला : वरच्याच्या आशीर्वादाने माजलेला अधिकारी. मला यात नेहमी खटकतं ते हे की चौदा वर्षं ज्याने त्याला त्या जागेवर ठेवलं त्याचं नाव या शब्दात नाही.

निळी_शाई

कसबा_पेठ, ते नाव आमच्या घरी आहे. आम्ही सबंध अवस्थेला ‘पेशवाई’ म्हणतो. ‘पेशवाई थाट’, ‘पेशवाई पंगत’ या जाहिराती वाचून वाढलेल्यांना हे कानाला कसंतरी लागतं, मला माहीत आहे. पण आमच्या वडिलांनी हा शब्द कधी कौतुकाने उच्चारला नाही.

आधार विचाराल तर १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापलेला मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध काढा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालिमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. राज्य बुडाल्याला तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते दिवस पाहिलेले होते.

तुमचा सगळा धागा मोगलाईभोवती फिरतोय म्हणून सांगते. एकाच मुलखातल्या दोन घरांत जुलमी राज्याची नावं वेगळी असतात, कारण दारात आलेला शिपाई वेगळा होता. कोणत्या शब्दाला प्रमाण म्हणायचं हे ज्याच्या दारात तो आला त्याला विचारून ठरवा.

कसबा_पेठ

निबंध शोधून वाचला. आमच्या शाळेत तो अभ्यासाला असायला हवा होता. आभार.

गोंयचो_पावस

गोव्याचं थोडक्यात. आमच्याकडे मोगलाई शब्द वर्तमानपत्रातून आला. घरातला शब्द ‘पाखले’. गोरे पोर्तुगीज, विशेषतः त्यांचे शिपाई. ‘पाखल्यांचं राज्य’ म्हटलं की आईला १९४६ नंतरची धरपकड आठवायची : सभा घेतली म्हणून पकडलं, पत्रक सापडलं म्हणून मारलं. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात सभा घ्यायचा प्रयत्न केला, तिथून पुढे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. पण ‘ही काय पाखलेशाही आहे का’ असं कुणी म्हणत नाही. तो शब्द त्या माणसांपाशीच राहिला, अवस्थेचं नाव झाला नाही.

पोथीपान

संस्कृतात एक नेमका शब्द आहे, मराठीत मात्र रुजला नाही : राजकलि. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म सांगतो की जो रक्षण करत नाही, नुसतं हिरावून घेतो, तो राजा नव्हे, राजाच्या रूपातला कली. प्रजेने एकजूट करून त्याला मारावं. पुढे तर रक्षण करतो म्हणून शब्द देऊन जो पाळत नाही त्याला पिसाळलेल्या कुत्र्यासारखा मारावा असं म्हटलंय. शब्द काय व्याख्येवर उभा आहे ते पाहा. धर्म, कूळ, देश, काही नाही. घेतो आणि राखत नाही, एवढंच.

तेरणा

पोथीपान, हे ‘घेतो आणि राखत नाही’ आमच्या रझाकारीला, सीनाकाठच्या नाक्याला आणि दळवटण्याच्या पत्रालाही लागू पडतं. आधी मी म्हटलं की मला मोगलाई शब्द आवडत नाही. अजूनही मी तो वापरणार नाही, पण वाशिष्ठींनी दाखवलेल्या अर्थाने कुणी वापरला तर माझी तक्रार नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ‘मोगलाईतला’ म्हणणं मात्र आता पुरे करा.

काना_मात्रा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय ठरलं ते सांगते. लेखकाला फोन केला आणि वाशिष्ठींचं पत्र, भिंगारकरांचं म्हणणं दोन्ही वाचून दाखवलं. ते स्वतः कांदा पिकवतात. थोडा वेळ घेऊन म्हणाले, ‘माझ्या शेजारचा गाळा बागवानाचा आहे. तोही माझ्याएवढाच नाडला जातो. त्याने लेख वाचला आणि त्याला वाटलं मी त्याच्याकडे बघतोय, तर माझं लिहिणं वाया. सुलतानी करा.’ तसं केलं. लेखकाचा शब्द शेवटचा, आणि त्यांचं कारण मला मोलाचं वाटतं.

पण भाषेपुरतं माझं मत मांडून ठेवते. सुलतानी वरून येते. देहूफाटांनी सांगितलेली अधिसूचना ही तिची जागा. ओट्यावरची ओरबाड खालून, आजूबाजूने, दहा हातांनी होते. तिला मोगलाईच नेमकं होतं. ‘दाद ना फिर्याद’ हे शब्द मी आग्रहाने ठेवले, कारण सुलतानीत जे कमी पडलं ते निदान त्यांनी थोडं भरून निघतं.

पूर्णाकाठ

उशिरा आलो, पण वऱ्हाडातून कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. काना_मात्रा, तुम्हाला ‘दहा हातांनी’साठी शब्द हवाय ना? आमच्याकडे आहे : दोअंमली.

अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचा अंमल. वसूल वाटून घ्यायचे, ठाणी दोघांची. मोडीवाला म्हणाले तसे दारात दोन शिपाई, ते इथे तोंडी लावायला नाही, रीतसर होतं. वर अधूनमधून पेंढारी. १८०३ ला आडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला. मग एकटी मोगलाई उरली, ती १८५३ ला इंग्रजांनी वऱ्हाड ताब्यात घेईपर्यंत.

दोअंमली शब्दात कुणाचंच नाव नाही, ना मोगलाचं ना मराठ्याचं. दोन धनी आणि एक रयत, एवढंच त्यात आहे. तुमच्या लेखकाला विचारून पाहा. लेख अजून छापायला गेला नसेल तर ‘दाद ना फिर्याद, निव्वळ दोअंमली’ हे वाक्य वऱ्हाडात तरी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

काना_मात्रा

पूर्णाकाठ, पानं उद्या दुपारी जाणार आहेत. आत्ताच फोन लावते.